विंगेतलं स्टूल

९ जानेवारी

ताई,

भाऊजी येऊन गेले. तू पाठवलं नाहीस, असं त्यांनी बसायच्या आधी एकदा आणि उठताना एकदा सांगितलं. म्हणजे तूच पाठवलं होतंस.

खोलीत एकच खुर्ची आहे. ती त्यांना दिली, मी खाटेवर बसले. त्यांनी भिंती पाहिल्या, खिडकी पाहिली, कोपऱ्यातली शेगडी पाहिली आणि म्हणाले, "अगं, रस्त्याचा आवाज किती येतो इथे!"

"येऊ दे," मी म्हटलं. "त्यातला एकही मला लक्षात ठेवायचा नाही."

ते हसले नाहीत. नाटक कंपनी चालवणारा माणूस फक्त स्वतःच्या विनोदांना हसतो.

मग निरोप. तू नीट जेवत नाहीस. नवं नाटक बसतंय, पहिला प्रयोग मार्चअखेरीला, आणि विंगेत माझं स्टूल जागच्या जागी आहे. "कुणाला हात लावू देत नाही ती," ते म्हणाले. "राग सोड आता. बहिणीबहिणींत चालायचंच."

राग नाही, हे त्यांना सांगितलं, तुलाही सांगते. राग असता तर एव्हाना उतरला असता.

झालं ते पुन्हा लिहिते, कारण तुमच्या घरात त्याची वेगळी आवृत्ती चालू आहे, हे भाऊजींच्या बोलण्यातून कळलं. जुन्या नाटकाचा शेवटचा प्रयोग. तिसरा अंक. तू टेबलाशी थांबलीस. तुझे थांबे दोन प्रकारचे. एक खरा, भूमिकेतला. दुसरा रिकामा, पुढचं वाक्य हरवल्याचा. लोकांना दोन्ही सारखेच दिसतात. मला तुझ्या मानेवरून कळायचं. तो रिकामा होता. विंगेतून शब्द द्यायला मी तोंड उघडलं आणि जबडा अर्ध्यात अडकला, फुगलेलं दार अडकतं तसा. कानापाशी कळ आली. आवाज फुटलाच नाही. तू वाट पाहिलीस. लोक खोकायला लागले. मग पडदा.

रंग न पुसता तू विंगेत आलीस. मी गाल धरून जमिनीवर बसले होते. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुझं एवढंच काम होतं."

तेव्हा माझं तोंड मिटत नव्हतं, म्हणून उत्तर राहिलं. आता मिटतं आणि उघडतंही. उत्तर असं आहे, की मी परत येणार नाही.

भाऊजींना सांग, छत्री इथेच विसरलेत.

धाकटी


२१ जानेवारी

ताई,

मी नाटकं करते, असं तू म्हणालीस म्हणे. कंपनीत आयुष्य गेलं आणि एकदाही न केलेली अशी मी एकटीच असेन. तरी ठीक. आजारपणाचं सोंग म्हणतेस तर डॉक्टरांकडचं ऐक.

दातांचे डॉक्टर हळू बोलणारे आहेत. तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या मागच्या दाढा तुमच्या वयाच्या दिसत नाहीत. झिजून सपाट झाल्यात. झोपेत दात खाता?"

"कुणावर?" मी विचारलं.

"मला कसं माहीत असणार?" ते म्हणाले. मग हातमोजे काढत, "तुम्हाला सगळ्यात आधी गरज आहे ती..." आणि थांबले.

"विश्रांतीची," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक्स-रेची म्हणणार होतो."

बघ. माणूस थांबला की माझ्या तोंडातून शब्द बाहेर. भाजीवाली, बसमधला वाहक, शेजारची म्हातारी, कुणालाही मी वाक्य पुरं करू देत नाही. बहुतेकदा माझा शब्द बरोबर असतो, म्हणून लोक जास्तच चिडतात.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहायला पाठवलं. तोही वाढलेला निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काम काय करता विचारलं. सांगितलं. "म्हणजे बसूनच की," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना माझं बसणं सांगितलं. दुपारनंतर पाणी पीत नाही, कारण अंक चालू असताना उठता येत नाही. तू बोलायला लागलीस की तुझ्याबरोबर सगळं मनात बोलते, जीभ हलते, आवाज नाही. तू थांबलीस की माझा श्वास थांबतो. तू पुन्हा बोललीस की सुटतो. खोकला आला तर गिळते. शिंक आली तर नाक दाबून धरते. हे असं वर्षानुवर्षं. टाळ्या पडल्या की तू वाकतेस आणि मी लघवीला धावते.

बाई लिहायच्या थांबल्या होत्या. म्हणाल्या, "आणि तुमचा प्रयोग कधी?"

मी हसले. त्यांनी विनोद केला नव्हता.

आता एका व्यायामवाल्या बाईंकडे जाते. जाडजूड आहेत, गुडघे दुखतात म्हणून स्वतः खुर्चीवर बसून दुसऱ्यांना वाकायला लावतात. त्यांनी शिकवलं ते असं. ताठ बसायचं नाही, नुसतं बसायचं. दातावर दात ठेवायचा नाही. जबडा आपला आपण लोंबू द्यायचा, वेडगळ दिसलं तरी. एक हात पोटावर. श्वास आत जाताना हात उचलला गेला पाहिजे. पहिल्या दिवशी माझा हात उचललाच जाईना. छातीच वर. बाई म्हणाल्या, "अहो, कुणाची वाट बघताय? घ्या की!"

तुझी वाट बघत होते. तू घेतल्याशिवाय मी कधी घेतला नव्हता.

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. वाटलं तर वाटू दे.

धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

"बटणं विकतेय आणि स्वतःचे लाड करतेय." हे वाक्य तुझंच. भाऊजींना असं नेटकं जमत नाही.

बटणं विकते. खोलीच्या खालीच दुकान आहे. बटणं, धागे, चेन, हुक, नाड्या. दुकान ज्यांचं त्यांना सगळी गल्ली काका म्हणते, म्हणून मीही. भिंतभर छोटे खण आहेत आणि प्रत्येक खणावर त्यातलंच एकेक बटण शिवलेलं. शोधायचं ते डोळ्यांसमोर असतं. काही पाठ करावं लागत नाही. या दुकानात नोकरी धरायचं खरं कारण हेच.

काल एक बाई आल्या. हातात एक तुटकं बटण. "मला ना, अगदी असंच नको, पण साधारण असं..." म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी जीभ टाळूवरून खाली ठेवली आणि हात पोटावर नेला. थांबले. बाई छताकडे बघत होत्या.

काकांना राहवेना. "अहो, सांगा की त्यांना! जाड? बारीक? काळं? काय?"

"त्या सांगतील," मी म्हटलं.

"दुकान बंद व्हायच्या आत?"

बाई म्हणाल्या, "...असं, जे बंद करताना बोटाला कळेल. आजोबांचा स्वेटर आहे. दिसत नाही त्यांना."

ताई, हे वाक्य मला सुचलं नसतं. मी "जाड" म्हटलं असतं, त्यांनी "हो" म्हटलं असतं आणि जाड बटण घेऊन गेल्या असत्या. मी खणांवरून बोट फिरवत गेले आणि कडेला खाचा असलेलं दिलं. काका गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "जमतंय तुम्हाला. पण जरा भराभर."

आणि लाडांचं म्हणशील, तर हो. यादी हवी असेल तर देत नाही, एक सांगते. दुपारी दुकान मिटलं की मी वर येते, ताट वाढून घेते आणि बसून जेवते. गरम. अंकाअंकांच्या मधे उभ्यानं नाही, मांडीवर संवादांच्या वह्या उघड्या ठेवून नाही. घास चावते. दाढा झिजल्यात म्हणून डाव्या बाजूनं, सावकाश. परवा जेवताना लक्षात आलं की मला कोबी आवडत नाही. इतकी वर्षं खात होते. कळायला वेळच झाला नव्हता.

हे हास्यास्पद आहे, माहीत आहे. तू कुणाला वाचून दाखवलंस तर लोक हसतील. हसू देत. माझ्या तोंडात काय घालायचं ते मी ठरवणार.

तू एकदा वार्ताहराला म्हणाली होतीस, "धाकटी असताना मी कशाला पाठ करू?" छापून आलं होतं. मी ते कात्रण कापून ठेवलं होतं, कौतुक समजून. आवरताना हाताला लागलं. परत वाचलं. आता ते मला कौतुक वाटत नाही. पण तुलाही त्यात काय मिळालं, असा प्रश्न पडला. एवढी मोठी नटी, आणि स्वतःचं एक वाक्य स्वतःपाशी नाही. मी उठले तर तुझं तोंड बंद. याला कुणी आधार म्हणेल. व्यायामवाल्या बाईंकडे एक जण येतो, पाय बरा होऊन वर्ष झालं तरी कुबडी सोडत नाही. बाई रोज त्याच्यावर ओरडतात.

मी तुझ्यावर ओरडत नाही. मी फक्त कुबडी परत नेली आहे. माझी होती.

धाकटी


४ मार्च

ताई,

संहितेचं पार्सल पोचलं. परत पाठवते आहे. दोरी सोडलेली नाही. गाठ तुझीच आहे, बघून घे.

ते हातात देताना भाऊजी दारातच म्हणाले, "ती काही म्हणत नाही हं. नुसतं वाचून ठेव, इतकंच."

"वाचलं की पाठ होतं मला," मी म्हटलं. "पाठ झालं की विंगेत यावं लागतं."

"मग ये की!"

"भाऊजी, चहा घ्या आणि जा."

चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं. तालमीत माझ्या स्टुलावर ते स्वतः बसतात. त्या गल्लीबोळात घुमणाऱ्या आवाजानं. आधी वाक्य विंगेतून ऐकू येतं आणि मग तुझ्या तोंडून, आणि तुझा मुलगा झालेला नट एकदा त्यांच्याच वाक्याला उत्तर देऊन मोकळा झाला. मी इतकी हसले की जबडा धरावा लागला. त्यांनाही शेवटी हसू आलं. मग डोळे पुसत म्हणाले, "हसतेस काय? ती पडली तर कंपनी पडेल. तुझी सख्खी बहीण आहे. तुला काहीच वाटत नाही?"

वाटतं. म्हणून तर पार्सल रात्रभर टेबलावर राहिलं. नाहीतर लगेच त्यांच्याच हाती परत दिलं असतं. सकाळी उठले तेव्हा दात एकमेकांत रुतलेले होते आणि कानापाशी तीच कळ. अजून एक पान वाचलं नव्हतं. नुसतं पार्सल खोलीत होतं.

आई म्हणायची, मोठीनं बोलायचं, धाकटीनं सांभाळायचं. पाहुण्यांसमोर तू कविता म्हणायचीस आणि मी पडद्यामागे. लोक जाताना तुझ्या हातात खाऊ द्यायचे, तू मला अर्धा द्यायचीस. अगदी अर्धा, मोडून, मोठा तुकडा मला. ते मी विसरलेले नाही. पण अर्ध्या खाऊवर जन्म काढायचा, असं आपलं ठरलं नव्हतं.

तू पडशील, याची मला भीती वाटते. ती भीती मी बाळगेन. तिच्यावरचा इलाज म्हणून स्वतःला मात्र देणार नाही. तुझी काळजी करणं आणि तुझ्यासाठी श्वास रोखणं या दोन गोष्टी आहेत, हे मला या वयात कळलं. उशीर झाला म्हणून कळलेलं सोडून देऊ?

पाठ कर, ताई. बसून, मोठ्यानं, घोकून. तुला येतं. कविता तू घोकायचीस, मला फक्त कागद धरावा लागायचा. मी कागद वाचायला लागले त्या दिवशी तू घोकणं सोडलंस.

पार्सल काकांच्या हाती पाठवते. ते तिकडे धागे आणायला जाणार आहेत. त्यांना आत बोलावू नकोस, तासभर उठत नाहीत.

धाकटी


२७ मार्च

ताई,

परवाचं तिकीट काढलं आहे. येते. विंगेत नाही. पुढच्या दारानं, लोकांबरोबर.

माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तरी काही मिळणार नाही. मला नाटकातलं एक अक्षर माहीत नाही.

धाकटी


३० मार्च

ताई,

रंगमंचावर पहिल्यांदाच तुला समोरून पाहिलं. इतकी वर्षं एका बाजूनंच पाहत आले, डावा कान, डावा गाल, मान. तुझा उजवा गाल मला ओळखीचा नव्हता. तू उंच आहेस, हे मला माहीत नव्हतं.

माझी खुर्ची मधल्या रांगेत, कडेची. कडेची मुद्दाम घेतली. पहिल्या अंकात मी एकदा उठून बाहेर गेले, पाणी प्यायले आणि परत आले. कुणी काही म्हटलं नाही. नाटक चालूच होतं.

दुसरा अंक. मुलगा सामान बांधून निघालेला. तू टेबलापाशी गेलीस. तू थांबलीस.

माझे ओठ हलले नाहीत. हलवायला काही नव्हतंच. पुढचं वाक्य मला माहीत नव्हतं. तुझी मान दिसत नव्हती, तोंड होतं. माझं सगळं लक्ष तुझ्या तोंडाकडे. शेजारची बाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "विसरली वाटतं." तो म्हणाला, "छे. तसंच आहे ते." दोघांतलं कोण बरोबर, मला सांगता येईना. विंगेतून काही आलं नाही. भाऊजींनी शब्द दिला असता तर आम्हाला नक्की ऐकू आला असता.

मग तू खुर्ची ओढलीस आणि बसलीस. ताठ नाही. नुसती बसलीस. तोंड थोडं उघडं राहिलं. एवढ्या लोकांसमोर, रंगमंचाच्या मधोमध, तू वेडगळ दिसलीस. आणि तुझा हात पोटावर गेला.

हात उचलला गेला. मी बघितलं. खाली गेला. पुन्हा उचलला गेला.

कुणी खोकलं नाही. मुलगा सामान धरून उभा राहिला, आणि तुझ्याकडे असा बघत होता की तो अभिनय असेल तर पोरगं मोठं होणार. मी श्वास रोखला नव्हता. हे मला नंतर लक्षात आलं. मी माझा घेत होते, तू तुझा घेत होतीस, आणि दोन्ही एका वेळी नव्हते.

मग तू म्हणालीस, "जातोस तर जा. दार ओढून घे, वारा येतो."

ते वाक्य संहितेतलं होतं की तुझं, मला माहीत नाही. तो थांबा खरा होता की रिकामा, तेही नाही. हात पोटावर न्यायचा, असं नाटककारानंच लिहिलं असेल. किंवा मी पाठवलेली पत्रं कुणीतरी वाचली असतील. सांगू नकोस. कंपनीतल्या कुणालाही सांगायला लावू नकोस. संहिता पुस्तक होऊन निघाली तरी मी उघडणार नाही. आयुष्यात एक थांबा मला न कळलेला हवा आहे.

टाळ्या पडल्या तेव्हा मी बसून राहिले. तू वाकलीस. मला कुठेही धावायचं नव्हतं.

आत भेटायला आले नाही. ते मुद्दाम. आले असते तर कुणीतरी "आली, आली, धाकटी आली" म्हटलं असतं, आणि मी त्या स्टुलाकडे बघितलं असतं. ते कुणाला तरी देऊन टाक. दिवेवाला बापडा सगळा प्रयोग उभ्यानं काढतो, त्याला बसायला होईल.

मी येणार नाही, हे जानेवारीत लिहिलं होतं. तेच आहे. ते रागावून लिहिलेलं वाटलं असेल तर पुन्हा वाच. आता तर मी हसतेय लिहिताना, आणि जबडा दुखत नाही.

मंगळवारी दुकान बंद असतं. भाऊजींची छत्री दुसऱ्या खेपेलाही दाराशीच राहिली होती, ती न्यायला ये म्हणावं तर तू त्यांनाच पाठवशील. म्हणून छत्री काकांना वापरायला दिली. तुला यायचं असेल तर तशीच ये. खुर्ची एकच आहे, ती तुला. कोबी नसेल.

काय बोलायचं ते पाठ करून येऊ नकोस. मधेच अडलीस तर मी शब्द देणार नाही. खाटेवर बसेन आणि थांबेन.

धाकटी